लक्ष्मीपूजनाच्या पाटावरील शेअरचा कागद

आश्विन अमावास्येच्या प्रदोषकाळी लक्ष्मीपूजन आणि उजाडताच बलिप्रतिपदा, हा क्रम आपल्या घरोघरी पाळला जातो. पहिल्या दिवशी वह्यांची पूजा, दुसऱ्या दिवशी ओवाळणी आणि गोडधोड, एवढेच आता बहुतेकांच्या ध्यानी असते. परंतु या प्रतिपदेस आणखी एक नाव आहे, द्यूतप्रतिपदा. त्या दिवशी फासे टाकावेत, जो जिंकेल त्यास ते वर्ष लाभाचे जाईल असे समजावे, असा संकेत होता. रात्री हिशेबाची वही आणि सकाळी फासे! या दोन गोष्टी पूर्वजांनी इतक्या लागून का ठेविल्या असाव्यात, हा प्रश्न आम्हांस विद्यार्थिदशेपासून पडत आला आहे.

धर्मशास्त्रकारांनी मात्र त्यांत चांगले अंतर राखले आहे. न्यायसभेपुढे येणाऱ्या तंट्यांची अठरा पदे मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात सांगितली आहेत. त्यांत चौथे पद संभूयसमुत्थान आणि अगदी शेवटचे, अठरावे, द्यूतसमाह्वय. संभूय म्हणजे एकत्र येऊन, समुत्थान म्हणजे उभे राहणे, उद्योग आरंभिणे. मनूने याचे उदाहरण दिले आहे ते यज्ञातील ऋत्विजांचे. (दक्षिणेच्या वाटणीवरून आम्हां भिक्षुकांचे तंटे त्या काळीही होत असत, असे दिसते!) याज्ञवल्क्य व्यापाऱ्यांकडे वळतो. ज्याने जेवढे द्रव्य घातले त्या मानाने, किंवा आरंभी जसे ठरले असेल तसे, लाभ आणि हानी दोन्ही वाटून घ्यावीत, असे तो सांगतो. इतरांनी नको म्हटले असता ज्याने नुकसान केले त्याने ते भरून द्यावे. संकटातून माल वाचविणाऱ्यास दहावा हिस्सा अधिक द्यावा. लबाडी करणाऱ्यास लाभ न देता बाहेर काढावे. वाचकहो, आजच्या कंपनी कायद्याचे बीज यात दिसत नाही काय? हानीही वाटून घ्यावयाची, या एका अटीत भागीदारीचे सारे गांभीर्य आहे. द्यूतात एकाचे जाते तेच दुसऱ्याच्या पदरात पडते, नवे असे काही उभे राहत नाही.

हरिदासाने शेअरबाजाराविषयी लिहावे काय, असे कोणी विचारील. प्रसंगच तसा आला. मुळशी तालुक्यातील भूगाव येथे यंदाच्या नवरात्रात कीर्तनसेवेचा योग आम्हांस लाभला. चांदणी चौक आणि बावधन मागे टाकून पौड रस्त्याने निघाले की हे गाव लागते. २०१७ च्या डिसेंबरात येथे महाराष्ट्र केसरीचे मैदान भरले होते, ते पुष्कळांस आठवत असेल. मुळशी ही आंबेमोहोर तांदळाची भूमी. पण या बाजूच्या कित्येक खाचरांवर आता सदनिकांच्या इमारती उभ्या आहेत. पिढ्यान् पिढ्या भात लावणाऱ्या घरांत जमिनीचा पैसा आला आहे, आणि जमीन एकदा गेली की पुन्हा उगवत नाही, हे त्या घरांतील वडीलधाऱ्यांस ठाऊक आहे.

कीर्तन आटोपल्यावर एका घरी फराळास गेलो असता यजमान हळूच म्हणाले, “बुवा, एक विचारू का? घरातल्या रोजच्या वापराच्या वस्तू करणारी एक कंपनी आहे. मध्यंतरी पार खाली गेली होती, आता पुन्हा वर येऊ लागली आहे म्हणतात. आमचे चिरंजीव म्हणतात, आत्ताच घेतले तर घेतले. जमिनीतले काही पैसे त्यात घालावेत का?”

चिरंजीव जवळच उभे होते. “बुवा, भाव निम्म्यावर आलाय. याहून खाली कुठे जाणार?” असे ते म्हणाले.

आतून यजमानांच्या मातोश्री बाहेर आल्या. त्यांनी एवढेच विचारले, “त्यांची वस्तू आपल्या घरात कधी आली होती का? आणि आली होती, तर आता का येत नाही?”

आमच्या मते त्या रात्री त्या ओसरीवर सर्वांत शहाणा प्रश्न हाच होता. मुळशीच्या माणसास कंपनी ही वस्तू नवी नाही. शंभर वर्षांपूर्वी, १९२१ साली, टाटांच्या धरणापायी जमिनी जाऊ नयेत म्हणून याच मुळशी पेट्यातील शेतकऱ्यांनी सत्याग्रह केला. पांडुरंग महादेव बापट यांस लोक सेनापती म्हणू लागले ते त्या लढ्यातून. धरण व्हायचे ते झाले. त्या काळी मावळ्यांची जमीन कंपनीकडे गेली. कंपनीत त्यांचा भाग काही नव्हता. आज भाग घेण्याची संधी दारी आली आहे, तर ती नाकारा असे आम्ही म्हणणार नाही. परंतु कशात भाग घेतो आहोत, हे पाहिले पाहिजे.

ओसरीवर आम्ही आख्यान लाविले ते अमळनेरचे. खानदेशात बोरी नदीच्या काठी हे गाव. वारकऱ्यांस ते संत सखाराम महाराजांचे म्हणून माहीत, शिक्षकांस साने गुरुजींचे म्हणून, आणि आम्हां शास्त्राभ्यासकांस तेथील तत्त्वज्ञान मंदिरामुळे. याच गावी ‘वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स’ या, २९ डिसेंबर १९४५ रोजी नोंदलेल्या कंपनीने तेलाची गिरणी घातली. वनस्पती तूप आणि कपड्यांचा साबण हा तिचा माल. गावातल्या आणि आसपासच्या कित्येक साध्या माणसांनी तिचे भाग घेतले.

१९६६ च्या ऑगस्टात मालक महंमद हशम प्रेमजी अकस्मात निवर्तले. चिरंजीव अझीम प्रेमजी तेव्हा एकवीस वर्षांचे, अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठात शिकत होते. शिक्षण अर्धवट टाकून ते परतले. वार्षिक सभेत एका भागधारकाने उभे राहून त्यांस सर्वांसमक्ष सांगितले, की हा कारभार तुम्हांस झेपणार नाही, आपला हिस्सा एखाद्या अनुभवी माणसास विकून मोकळे व्हा. ही हकिगत पुढे प्रेमजींनी स्वतःच सांगितली आहे. कंपनी बुडालेली नव्हती, पण तिच्यावरील विश्वास डळमळला होता. तिचीच पुढे ‘विप्रो’ झाली, हे आता सर्वांस ठाऊक आहे.

हिशेब थोडा मांडून दाखवितो. १९९७ च्या आरंभी ज्याच्यापाशी विप्रोचा दहा रुपये दर्शनी किमतीचा एक शेअर होता, त्यास त्याच वर्षी एकास दोन याप्रमाणे बक्षीस शेअर मिळून तीन झाले. १९९९ मध्ये दहा रुपयांच्या शेअरचे दोन रुपयांचे पाच केले, तेव्हा पंधरा. २००४ मध्ये पुन्हा एकास दोन, म्हणजे पंचेचाळीस. २००५ मध्ये एकास एक, नव्वद. २०१० मध्ये तिनास दोन, दीडशे. २०१७ मध्ये तीनशे, २०१९ मध्ये चारशे आणि २०२४ मध्ये आठशे. एका कागदाचे आठशे! आणि अमळनेरच्या जुन्या भागधारकांची कथा तर १९९७ च्या कितीतरी आधी सुरू होते.

हे ऐकताच चिरंजीवांच्या चेहऱ्यावर तेज आले, तेव्हा आम्हांस आख्यान तेथेच थांबवावे लागले. कारण या कथेचा लोक भलताच अर्थ काढतात. वनस्पती तुपाच्या डब्याकडे पाहून संगणकाचे भविष्य कोणास दिसले असते? अमळनेरच्या ज्या घरांनी ते कागद जपले, त्यांनी काही भविष्य ओळखले होते असे नव्हे. घातलेली रक्कम लहान होती, ती नसली तरी चूल पेटत होती, म्हणून कागद पेटीत पडून राहू शकला. ज्यांनी मुलीच्या लग्नासाठी वा घर बांधण्यासाठी मध्येच विकला, त्यांनाही आम्ही दोष देणार नाही. वेळेस उपयोगी पडला तो पैसा सार्थकी लागला. आणखी एक गोष्ट पुष्कळांस माहीत नसते. २०१३ मध्ये साबण-सौंदर्यप्रसाधनांचा धंदा विप्रोतून वेगळा काढण्यात आला, आणि तो ज्या कंपनीकडे गेला ती शेअरबाजारात नोंदलेली नाही. आज विप्रोचा शेअर घेणाऱ्यास संतूर साबणात कसलाही भाग मिळत नाही. नाव एक आणि धंदा दुसरा, असा हा प्रकार आहे. तेव्हा कागदावरील नावापलीकडे पाहावे.

खऱ्या अर्थाने पडून सावरलेल्या कंपनीचे उदाहरण हवे असेल तर ते आपल्या मुलांच्या दप्तरातच आहे. १९३१ साली दिगंबर परशुराम दांडेकर यांनी बंधूंसह गिरगावात शाईची पूड आणि वड्या करण्यास आरंभ केला. त्यातून ‘कॅम्लिन’ उभी राहिली. उंटाच्या छापाची शाई, कंपासपेटी, रंगाच्या वड्या यांवाचून ज्याचे शालेय जीवन गेले असा मराठी माणूस विरळा. दसऱ्यास पाटीपूजन करताना आपण त्यांचीच पेन्सिल पाटावर ठेवीत आलो आहोत. २०११ मध्ये या कंपनीचा निम्म्याहून थोडा अधिक हिस्सा जपानच्या ‘कोकुयो’ या शतायुषी लेखनसाहित्य-उत्पादकाने सुमारे ३६५ कोटी रुपयांना घेतला.

एवढा मोठा धनको पाठीशी आला, आता भाव चढणारच, असे त्या वेळी कित्येकांस वाटले. घडले ते उलट. पुढील काही वर्षे तोट्याची गेली, आणि बाजारातील भाव जपान्यांनी दिलेल्या किमतीच्या कितीतरी खाली उतरला. त्या पातळीस परत येण्यास अनेक वर्षे लागली. सावरतात न सावरतात तोच करोनाच्या साथीत शाळा बंद झाल्या. शाळाच बंद तर वह्या-पेन्सिली कोण घेणार? २०२०-२१ हे वर्ष पुन्हा तोट्याचे गेले. शाळा भरू लागल्या तसा नफा परतला. हे सर्व होत असताना एक गोष्ट मात्र बदलली नाही: मुलास कंपासपेटी लागली की दुकानदार उंटाच्याच छापाची पुढे करीत होता. मातोश्रींच्या प्रश्नाचे उत्तर येथे ‘होय, आजही येते’ असे होते. आजार धंद्यावर आला होता, पण मालाची मागणी जिवंत होती. सावरण्यास जी मुळे लागतात ती शाबूत होती.

याच्या उलट दुसरी कथा मराठवाड्यातली. व्हिडिओकॉन हे नाव ज्यांनी ऐकले नाही असे घर १९९० च्या सुमारास सापडले नसते. औरंगाबादच्या (आताच्या छत्रपती संभाजीनगरच्या) धूत घराण्याची ही कंपनी. रंगीत दूरदर्शन संच, कपडे धुण्याचे यंत्र, शीतकपाट. मध्यमवर्गीय घरातील पहिली मोठी खरेदी बहुधा तिच्याच मालाची असे. पुढे दूरसंचार, तेलविहिरी अशा भलत्या वाटांनी कर्ज वाढत गेले. २०१८ मध्ये प्रकरण दिवाळखोरीच्या न्यायाधिकरणापुढे गेले. सुमारे ६४,८०० कोटी रुपयांचे दावे मान्य झाले, आणि त्यासमोर बोली आली ती सुमारे २,९६० कोटींची. २०२१ मध्ये मंजूर झालेल्या त्या योजनेत शेअर धरून बसलेल्यांच्या वाट्यास एक पैसाही नव्हता. ती योजना २०२२ मध्ये अपिलात रद्द झाली, पण त्यामुळे धनकोंचे येणे काही नाहीसे झाले नाही.

असे का, ते समजून घेतले पाहिजे. कंपनी मोडली तर पंगतीचा क्रम कायद्याने ठरलेला आहे. दिवाळखोरी प्रक्रियेचा खर्च आधी, मग तारण घेतलेले धनको आणि कामगारांचे देणे, मग इतर देणी, सरकारचे येणे. आणि सर्वांच्या शेवटी, पातेले खरवडून काही उरलेच तर, भागधारक. तो धनको नव्हे, तो मालक. आणि मालकाने सर्वांचे पान वाढून झाल्यावर बसावयाचे असते. ‘याहून खाली कुठे जाणार’ या चिरंजीवांच्या प्रश्नाचे उत्तर एवढेच, की शून्यापर्यंत जाऊ शकतो. शंभराचा पन्नास झालेला शेअर पन्नासाचा शून्य होताना घेणाऱ्याचे सारेच जाते, त्याने तो स्वस्तात घेतला म्हणून काही शिल्लक राहत नाही.

मग सावरते आहे ती कंपनी आणि सावरल्याचे सोंग आणते आहे ती, यांतील भेद गृहस्थाने कसा ओळखावा? येथे भूगावकरांस एक सोय आहे, ती पुण्या-मुंबईच्या पंडितांसही नाही. ज्या वर्षी एखाद्या घराने जमीन विकली, त्या वर्षी त्या घराचा पासबुकातला आकडा पाहिला तर शेती भरभराटीस आली असे वाटेल. गावातील शेंबडे पोरही सांगेल, की शेती पिकली नाही, शेती विकली. कंपनीचेही असेच असते. अडचणीतील कंपनी कधी कारखान्याची जागा विकते, कधी एखादा छाप दुसऱ्यास देते, आणि त्या वर्षी ताळेबंदात मोठा नफा दिसतो. वार्ताहर लिहितात, कंपनी नफ्यात आली. तो नफा माल विकून आला की जागा विकून, हे वार्षिक अहवालात स्पष्ट मांडलेले असते. ‘इतर उत्पन्न’ आणि ‘अपवादात्मक बाबी’ अशा शीर्षकांखाली ते पाहावयास मिळते. ही एक ओळ वाचल्याशिवाय कोणत्याही सावरत्या कंपनीत पैसा घालू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

बाकीच्या गोष्टी याच रांगेतल्या आहेत. कर्ज वर्षागणिक उतरते आहे की जुने फेडण्यास नवे काढले आहे? मालकाने स्वतःचे शेअर गहाण टाकले आहेत काय? हे दर तिमाहीस प्रसिद्ध होते आणि कोणासही पाहता येते. नफा कागदावर आहे आणि रोकड मात्र दुकानदारांकडे अडकली आहे, असे तर नाही? शंका आल्यास सेबीकडे नोंदलेल्या सल्लागारास विचारावे. मोबाईलवरील कोणा अनोळखी गटात ‘खात्रीशीर दुप्पट’ म्हणून जे सांगितले जाते, ते मनूच्या अठराव्या पदात मोडते. फरक इतकाच, की तेथे निदान फासे तरी डोळ्यांसमोर पडत.

एक प्रश्न आम्ही यजमानांस वेगळा विचारला. जमीन वडिलोपार्जित होती काय? ते होय म्हणाले. मग हा पैसा कोणाचा? ज्या विज्ञानेश्वराने याज्ञवल्क्यावर मिताक्षरा लिहिली, त्याच्याच परंपरेने वडिलोपार्जित मिळकतीत मुलास जन्मतः हक्क दिला. आणि २००५ च्या कायद्याने तो मुलीसही दिला. २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यावर शिक्कामोर्तब केले. दिल्या घरी गेलेल्या दोघी बहिणींचा वाटा त्या पैशात होता. याज्ञवल्क्याच्या नियमाने पाहिले, तरी इतर भागीदारांनी नको म्हटलेले साहस एकट्याने करावयाचे आणि बुडाले तर ‘नशीब’ म्हणावयाचे, हे चालत नाही. यजमान थोडा वेळ गप्प राहिले. मग चिरंजीवांस म्हणाले, “भाऊबीजेला आत्या येतील. त्यांच्यासमोर काढू हा विषय.” चिरंजीवांस ते फारसे रुचले नाही, हे दिसतच होते. तोवर भाव चढला तर काय, असे ते म्हणाले. चढला तर चढला. जी कंपनी खरोखर सावरते तिला वर्षे लागतात, चार-सहा आठवड्यांनी तिच्यात काही फार निसटत नाही.

किती घालावे, याविषयी मात्र आम्ही स्पष्ट सांगितले. अमळनेरच्या पेट्यांत जे कागद पडून राहिले ते विसरता येण्याजोग्या रकमेचे होते, तेवढेच घालावे. जमिनीच्या पैशातून आधी राहते घर, आजारपणाची तजवीज आणि मुलांचे शिक्षण बाजूस काढावे. उरल्यातील लहानसा भाग, आणि तोही एकाच कंपनीत नव्हे.

जाता जाता एक उपयुक्त सूचना. पुष्कळ घरांत वडिलांनी वा आजोबांनी घेतलेले जुने कागदी शेअर ट्रंकेच्या तळाशी असतात. कंपनीचे नाव बदललेले असते, म्हणून ती बुडाली असे समजून कोणी पाहत नाही. १ एप्रिल २०१९ पासून कागदी शेअर दुसऱ्याच्या नावे विकता येत नाहीत, ते आधी डीमॅट खात्यात उतरवून घ्यावे लागतात. वारसाच्या नावे मात्र करून घेता येतात. सलग सात वर्षे लाभांश घेतला गेला नाही तर तो लाभांश आणि शेअर दोन्ही केंद्र सरकारच्या गुंतवणूकदार निधीकडे जमा होतात. जमा झाले म्हणजे गेले असे नव्हे. कागदपत्रांसह अर्ज करून खरा हक्कदार ते परत मागू शकतो. लक्ष्मीपूजनासाठी घर झाडावयाचे आहेच, त्या वेळी ट्रंक उघडावी. आजोबांच्या नावाचा कागद, त्यांचा मृत्यूचा दाखला आणि वारसांची नावे एका पाकिटात घालून ते पाकीट वहीजवळ ठेवावे. आणि घरात ज्याचे कोणाचे डीमॅट खाते आहे त्याने त्यावर नामनिर्देशन केले आहे की नाही, हे त्याच संध्याकाळी त्यास विचारून घ्यावे.